पेटीतला हत्ती

सुरतेची जुनी चंदनी पेटी हाती आली, तर झाकणावर हत्ती-हरणं शोधू नका. म्हैसूर-कारवारकडचं चंदनकाम उठावाचं, देवादिकांनी गजबजलेलं. सुरत-मुंबईचा हात पानं-वेलींच्या उथळ नक्षीत रमणारा. जनावरं या पेटीतही आहेत, पण ती कोरलेली नाहीत. कापून बसवलेली आहेत.

या जडावकामाला सादेली म्हणतात. ते इराणातल्या शिराझहून सिंधमार्गे इकडे आलं, असं मानतात. परदेशी संग्राहक सुरती पेटीलाही सर्रास ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणतात. सुरतकरांनी रुसावं असंच आहे ते. पांढऱ्यासाठी हस्तिदंत, हिरव्यासाठी रंगवलेला हस्तिदंत, काळ्यासाठी आबनूस, तांबूस पतंगाचं लाकूड, चमकेला कथील आणि जोडीला सांबरशिंग. यांच्या तिकोनी काड्या घासायच्या, सरसानं चिकटवून जुडी करायची आणि अळूवडीच्या उंड्यासारखी ती आडवी कापायची. प्रत्येक चकतीत तोच तारा, तेच फूल. चकत्या चंदनावर चिकटवल्या की नक्षी तयार. ऐकायला सोपं. पण एखादी काडी केसभर जाड राहिली, तर ती चूक एका फुलात भागत नाही. त्या जुडीच्या सगळ्या चकत्यांत उतरते.

सांबराची शिंगं दरवर्षी गळतात. हत्तीच्या सुळ्याचं तसं नाही. शिवाय सुरतेत हत्ती कुठले? गुजरातच्या बंदरांत हस्तिदंत यायचा तो पूर्व आफ्रिकेतून. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, 1991 मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचाही. आता पांढऱ्याच्या जागी अ‍ॅक्रिलिक आणि प्लास्टिक असतं. त्याला जुन्या दाताचा पिवळसर ऊबदारपणा नाही, हे खरंच. पण त्या उबेची किंमत कोणी मोजली, हेही आता ठाऊक आहे. सुरतेत हे काम टिकवून धरणाऱ्या घराण्याचं आडनावच पेटीगरा, म्हणजे पेट्या घडवणारे.

आजीच्या कपाटात अशी पेटी निघाली, तर ओल्या फडक्यानं पुसू नका. पाण्यानं सरस सुटतो, चकत्या उचकटतात. आणि हस्तिदंत असेल, तर विकायचा विचारही नको. पेटी शंभर वर्षांची असली तरी ती विकणं गुन्हाच आहे.