मोटारगाडीतील ध्वनियंत्रणा : खर्ज ध्वनीतील दोष

मोटारगाडीतील रेडिओसंच, विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्या यंत्रणेतून सु. २० ते २०० हर्ट्‌झ या पट्ट्यातील ध्वनी क्षीण, घुमणारा वा विकृत ऐकू येणे म्हणजे खर्ज ध्वनीचा दोष होय. डग्गा, ढोल, बेस गिटार यांच्या नादाचा मुख्य भाग या पट्ट्यात येतो. दोष आढळताच अधिक शक्तीचा विवर्धक किंवा मोठा ध्वनिक्षेपक बसविण्याकडे सामान्यतः कल असतो. तथापि दोषाचे मूळ पुष्कळदा जोडणीत, बसवणुकीत अथवा गाडीच्या अंतर्भागाच्या ध्वनिकीय गुणधर्मांत असते. त्यामुळे निदानापूर्वी केलेला खर्च बहुधा वाया जातो.

अंतर्भागाचा परिणाम : हवेतील ध्वनीचा वेग २०° से. तापमानास सेकंदाला सु. ३४३ मी. असल्याने ५० हर्ट्‌झ कंप्रतेची तरंगलांबी सु. ६.९ मी. भरते. गाडीच्या अंतर्भागाची लांबी साधारणतः ३ मी. पेक्षा कमी असते. अर्धी तरंगलांबी या लांबीपेक्षा जास्त झाली की, म्हणजे सु. ६० हर्ट्‌झच्या खाली, आतील सर्व हवा एकाच वेळी दाबली व विरळ केली जाते आणि ध्वनिदाब वाढतो. बंद व दृढ पोकळीत ही वाढ सिद्धांततः सप्तकामागे १२ डेसिबेलपर्यंत असते. खिडक्या, फटी व लवचिक पत्रा यांमुळे ती प्रत्यक्षात कमी होते. याउलट त्यावरील कंप्रतांना स्थायी तरंग निर्माण होतात. त्यामुळे एखादा स्वर मागील आसनावर घुमतो, तर चालकाच्या जागी जवळजवळ नाहीसा होतो. धावत्या गाडीत चाकांचा व एंजिनाचा नीच कंप्रतेचा गोंगाट खर्ज झाकून टाकतो. म्हणून पहिली तपासणी गाडी उभी करून व परिचित ध्वनिमुद्रण लावून करतात.

ध्रुवता : दोन ध्वनिक्षेपकांपैकी एकाची धन व ऋण टोके उलट जोडली गेल्यास एकाचे पटल बाहेर येताना दुसऱ्याचे आत जाते. तरंगलांबी मोठी असल्याने दोहोंचे खर्ज तरंग परस्परांस नाहीसे करतात. उच्च स्वर मात्र फारसे बिघडत नाहीत. डावे-उजवे संतुलन एका बाजूस पूर्ण वळविल्यावर खर्ज वाढला, तर ध्रुवता उलट असण्याचा संभव मोठा असतो. खात्रीसाठी खर्ज ध्वनिक्षेपक विवर्धकापासून सोडवून त्याच्या टोकांस १.५ व्होल्टचा विद्युत् घट क्षणभर जोडतात. धन टोकास धन अग्र जोडले असता पटल सामान्यतः बाहेर सरकते. स्वतंत्र खर्ज ध्वनिक्षेपक असल्यास त्याची जोडणी एकदा उलटी करून, सु. ८० हर्ट्‌झच्या आसपास ज्या जोडणीत ध्वनी अधिक भरीव येतो ती कायम ठेवतात.

बसवणूक : पटलाच्या मागील बाजूचा ध्वनी पुढील ध्वनीच्या विरुद्ध कलेत असतो. दरवाज्याच्या आतील पत्र्यातील छिद्रांतून तो पुढे आल्यास खर्ज लोपतो. छिद्रे बंद करणे, पत्र्यास कंपशामक थर चिकटविणे व ध्वनिक्षेपक घट्ट आवळणे हे यावरील स्वस्त उपाय होत. पेटीचे आकारमान ध्वनिक्षेपकाच्या गुणधर्मांशी जुळावे लागते. त्यासाठीची गणिते नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७० नंतर) यांच्या कार्यावर आधारलेली आहेत. पेटीतील गळतीमुळे फुसफुस व खडखड ऐकू येते.

विद्युत् पुरवठा व भार : ५०० वॉट प्रदान देणारा ७५ टक्के कार्यक्षमतेचा विवर्धक १३.८ व्होल्टला पूर्ण भारावर सु. ४८ अँपिअर प्रवाह घेतो. तार बारीक किंवा भूजोडणी गंजलेली असल्यास ठोक्यागणिक विद्युत् दाब घसरतो व खर्ज तुटक होतो. हा दाब विवर्धकाच्या टोकांवरच मोजणे इष्ट ठरते. ४ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक समांतर जोडल्यास भार २ ओहम होतो. विवर्धक त्यास योग्य नसल्यास तापून बंद पडतो. घटमालेजवळ फ्यूज नसलेली तार घासून पत्र्यास टेकल्यास आग लागू शकते.

वाढीची मर्यादा : ध्वनिपातळी ३ डेसिबेलने वाढविण्यास दुप्पट, तर ६ डेसिबेलने वाढविण्यास चौपट शक्ती लागते. म्हणून खर्ज-नियंत्रक थोडासा वळविल्यानेही विवर्धक मर्यादेबाहेर जातो, तरंगांचे माथे छाटले जातात आणि ध्वनिक्षेपकातील तारेचे वेटोळे तापून जळते. तरंगांच्या विरोधामुळे लोपलेला खर्ज तर शक्ती वाढवूनही परत येत नाही; दोन्ही विरोधी तरंग सारखेच वाढतात.

निदान करताना एका वेळी एकच बदल करून परिणाम ऐकतात. ध्रुवता, बसवणूक, पुरवठा, भार व शेवटी नियंत्रकांची मांडणी असा क्रम सोयीचा असतो. दोष दूर झाल्यावर तोच खर्ज कमी पातळीवरही स्पष्ट ऐकू येतो. ८५ डेसिबेलपेक्षा तीव्र ध्वनी दीर्घकाळ ऐकल्यास श्रवणशक्तीस कायमची हानी पोहोचू शकत असल्याने या लाभाचे महत्त्व केवळ संगीतापुरते मर्यादित नाही.