चौकातील प्रदक्षिणा

देवळाला प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला राहतो. फ्रीगंजातील टॉवर चौकात घड्याळाच्या मनोऱ्याला वळसा घालणारी वाहनेही, डाव्या बाजूने चालण्याचा आपला नियम असल्यामुळे, मनोरा उजवीकडे ठेवूनच फिरतात. महाकालेश्वराच्या नगरीत ही रीत कोणास नव्याने शिकवावी लागू नये. परंतु शंकराची प्रदक्षिणा सोमसूत्री, म्हणजे मध्येच मागे फिरण्याची असते, आणि आमच्या कित्येक दुचाकीस्वारांनी नेमका तोच प्रकार रस्त्यावर आणला आहे! वळसा वाचविण्यासाठी उलट्या बाजूने घुसणारा असा एक जण साऱ्या चौकाचे गणित बिघडवितो.

ते गणित असे. चार रस्ते नुसते छेदतात त्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांशी संबंध आणतात. त्यांपैकी १६ ठिकाणी ते सरळ आडवे जातात. मध्ये गोल बांधून सर्वांना एकाच दिशेने, एकाच रांगेत वळसा घ्यावयास लावले, की अशी ८ च ठिकाणे उरतात आणि आडवे जाणारे एकही उरत नाही. शिवाय वळणामुळे वेग उतरतो. ताशी ४० किलोमीटरने येणारी दोन वाहने काटकोनात आदळली, तर त्यांचा परस्परसापेक्ष वेग सुमारे ५७ भरतो. तीच वाहने गोलावर ताशी २० च्या वेगाने ३० अंशांच्या कोनात भिडली, तर तो १० च्या आसपास राहतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून पहिला आघात दुसऱ्याच्या जवळजवळ ३० पट ठरतो. भूमितीच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र आत शिरणाऱ्याने फिरणाऱ्याला आधी वाट दिली, तरच हा लाभ पदरात पडतो. इंग्लंडात हा नियम १९६६ मध्ये आला; आपल्याकडील २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही तो आहे. आणखी एक गोष्ट मोटारवाले सहसा बोलत नाहीत. गोलाने मोटारींना जेवढे संरक्षण मिळते, तेवढे सायकलस्वाराला मिळत नाही. गोलाच्या काठाने जाणारी सायकल, बाहेर पडण्यासाठी डावीकडे वळणाऱ्या चालकाच्या नजरेतून निसटते. शाळेत जाणारी मुले बहुधा त्याच काठाने जातात.

मग एखादा चौक किती धोक्याचा, हे ठरवावे कसे? झालेल्या अपघातांची नोंद पाहणे हा जुना मार्ग. पण त्यात कोणाचा तरी हातपाय मोडेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि आम्हांस हे मुळीच पटत नाही. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत दुसरी पद्धत मांडली गेली : थोडक्यात टळलेले प्रसंग मोजावयाचे. एक वाहन ज्या जागेवरून गेले, त्याच जागी आडव्या वाटेने दुसरे किती वेळाने आले, हे पाहावे. हे अंतर दीड सेकंदाहून कमी असेल, तर प्रसंग गंभीर समजून टिपून ठेवावा. ज्या नगरीत जयसिंहाची वेधशाळा उभी आहे, तेथील मुलांना दीड सेकंद मोजणे जड जाऊ नये!

वडील माणसांना बरोबर घेऊन, पदपथावर उभे राहून, एका वेळी एकाच रस्त्याचे तोंड पाहावे. कोणाची कोणाशी गाठ पडली, म्हणजे दुचाकी, ई-रिक्षा, सायकल की पादचारी, हे लिहावे. अचानक दाबलेला ब्रेक आणि उलट्या बाजूने आलेले वाहन वेगळे नोंदवावे. चार दिवसांच्या नोंदींवरून कोणते तोंड वाईट, हे बहुधा स्पष्ट दिसू लागते. तेथे प्रवेशाची वाट अरुंद करणे, पादचारी पट्टे गोलापासून एक मोटारभर मागे आखणे, किंवा दोन प्रवाहांमध्ये पायी चालणाऱ्याला थांबण्यापुरता ओटा बांधणे, असे उपाय फारशा खर्चाशिवाय होतात. श्रावणी सोमवारच्या नोंदी मात्र निराळ्या वहीत ठेवाव्यात. त्या दिवशी सवारीसाठी गावोगावची माणसे पायी लोटतात, आणि चाकांसाठी मांडलेला हिशेब त्यांना लागू पडत नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी हीच दुसरी वही अधिक उपयोगी पडेल.