तीन तुरुंग, दोन पाट्या

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात, समुद्राजवळच्या एस्प्लनेड बागेत १९१३ सालचं एक स्मारक आहे. १८६४ मध्ये उत्तरेकडच्या मुलखात जमिनीच्या शोधात गेलेले तीन गोरे तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेले. त्यांचं, आणि त्यांच्या शोधार्थ निघालेल्या तुकडीचा म्होरक्या मेटलंड ब्राऊन याचं हे स्मारक. त्यावरची जुनी पाटी मूळ रहिवाशांना दगाबाज ठरवते. १९९४ साली याच स्मारकावर दुसरी पाटी बसली. पहिली पाटी एकाच बाजूने बोलते, असं ती स्पष्ट सांगते. आपली भूमी राखण्याचा हक्क मूळ रहिवाशांना होता. ब्राऊनच्या तुकडीने त्यांच्यातल्या सुमारे वीस जणांचा जीव घेतला आणि तुकडीतल्या एकालाही ओरखडा उठला नाही, हेही तिच्यावर लिहिलं आहे.

जुनी पाटी कुणी उखडली नाही. फ्रीमँटल पाहायला जाणाऱ्याने सुरुवात इथून करावी. दगड एकच आणि गोष्टी दोन, हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं शहर कसं वाचायचं ते कळतं.

पर्थहून लोकल गाडीने अर्ध्या तासात इथे पोचता येतं. स्वान नदी जिथे हिंदी महासागराला मिळते, तिथे हे गाव वसलं आहे. सिडनीला सूर्य समुद्रातून उगवतो. इथे तो समुद्रात मावळतो, आणि कोकणातल्या माणसाला ही संध्याकाळ आपल्याच किनाऱ्यावरची वाटते. उन्हाळ्यात दुपारनंतर नैर्ऋत्येकडून गार वारा सुटतो, तापलेलं गाव निवतं. त्या वाऱ्याला लोकांनी कौतुकाने नाव दिलंय ‘फ्रीमँटल डॉक्टर’. मच्छीमार बंदरावरची तळलेली मासळी, इटालियन कुटुंबांनी रुजवलेली कॉफी, १८९७ सालची मंडई, हे सगळं निवांत अनुभवावं असंच आहे. या जागेचं मूळ नाव वाल्यालप. नुंगार लोकांतल्या वाजुक समूहाची ही भूमी. मे १८२९ मध्ये कॅप्टन चार्ल्स फ्रीमँटल याने इथे ब्रिटिश झेंडा रोवला. त्यानंतर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत पहिला तुरुंग उभा राहिला.

बारा भिंतींचं घर

हाय स्ट्रीट जिथे समुद्रापाशी संपते, तिथल्या टेकाडावर चुनखडी दगडाची एक बसकी इमारत दिसते. हे राउंड हाउस. नाव गोल घर, पण भिंती बारा. मध्ये अंगण आणि भोवती आठ कोठड्या. हेन्री रेव्हली या अभियंत्याने आराखडा केला आणि जानेवारी १८३१ मध्ये ती वापरात आली. पश्चिम ऑस्ट्रेलियात आजही उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारतींत ही सगळ्यात जुनी.

एप्रिल १८४४ मध्ये या इमारतीबाहेर जॉन गॅव्हिन नावाच्या मुलाला खुनाबद्दल फाशी देण्यात आलं. इंग्लंडच्या पार्कहर्स्ट इथल्या बालतुरुंगातून त्याला मजुरीसाठी इकडे धाडलं होतं. त्याचं वय होतं पंधरा. आज त्याच टेकाडाखालच्या वाळूत मुलं किल्ले करतात.

आपणच बांधलेल्या भिंती

वसाहत उभी राहिली खरी, पण राबायला माणसं पुरेनात. मग गोऱ्या वसाहतकऱ्यांनी स्वतःच इंग्लंडकडे कैदी मागितले. १ जून १८५० रोजी ‘सिंडियन’ हे जहाज ७५ कैदी घेऊन दाखल झालं. ते निघाल्याची वर्दी त्याच्या आधी पोचलीच नव्हती. कैद्यांना ठेवायला जागा नव्हती, म्हणून बंदरावरचं एक गोदाम भाड्याने घ्यावं लागलं. पुढे याच कैद्यांनी टेकडीचा चुनखडी दगड फोडला आणि स्वतःला कोंडण्यासाठी चार मजली तुरुंग बांधला. १८५५ मध्ये कैदी तिथे राहायला गेले, १८५९ मध्ये काम पुरं झालं. १८६८ पर्यंत असे सुमारे ९,७०० कैदी आले, सगळे पुरुष.

‘काळं पाणी’ म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. सत्तावन्नच्या उठावानंतर १८५८ मध्ये अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली, तेव्हा त्याच साम्राज्याची कैदी भरलेली जहाजं फ्रीमँटललाही येत होती. १८६८ च्या जानेवारीत आलेल्या शेवटच्या ‘हूगुमाँट’ जहाजावर तर ६२ आयरिश क्रांतिकारक होते, फेनियन चळवळीतले. त्यांच्यातल्या सहा जणांना १७ एप्रिल १८७६ रोजी त्यांच्या अमेरिकेतल्या साथीदारांनी सोडवून नेलं. तुरुंगाबाहेर कामावर असतानाच ते निसटले, घोडागाड्यांतून दक्षिणेला रॉकिंगहॅमच्या किनाऱ्यावर पोचले आणि तिथून होडीने ‘कटाल्पा’ या देवमासे धरणाऱ्या जहाजावर. सरकारी बोटीने गाठलं, तेव्हा कप्तान जॉर्ज अँथनीने डोलकाठीवरच्या अमेरिकन झेंड्याकडे बोट दाखवलं. सरकारी बोट हात हलवत परतली.

तुरुंगातल्या मूळच्या कोठड्या सात फूट लांब, चार फूट रुंद. दोन्ही हात पुरते पसरता येत नाहीत, भिंती आडव्या येतात. जेम्स वॉल्श या बनावट दस्तऐवज करणाऱ्या कैद्याने आपल्या कोठडीच्या भिंतींवर प्राचीन पुराणकथांतली माणसं अतिशय तयार हाताने रेखाटली होती. वरून चुन्याचे हात बसत गेले आणि चित्रं बुजली. १९६४ मध्ये पोपडे निघाले, तेव्हा ती पुन्हा दिसली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये याच तुरुंगात शेवटची फाशी झाली. १८८८ नंतरची ती ४४ वी. तुरुंग १९९१ पर्यंत चालू होता. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आणखी दहा कैदी-स्थळांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला.

पाण्यापलीकडचं बेट

तिसरा तुरुंग दिसायला सगळ्यात सुंदर आहे. फ्रीमँटलहून फेरीबोटीने अर्ध्या तासात रॉटनेस्ट बेटावर जाता येतं. १६९६ च्या डिसेंबरात आलेल्या विलेम द व्लामिंग या डच कप्तानाला इथले क्वोका प्राणी मोठे उंदीर वाटले, म्हणून त्याने ठेवलेल्या नावाचा अर्थ ‘उंदरांचं घरटं’. क्वोका खरं तर कांगारूच्या कुळातला, मांजराएवढा, गोल कानांचा. त्याची जिवणीच हसरी. त्याच्यासोबत फोटो काढायला जगभरातून लोक येतात. बेटावर खासगी मोटारी नाहीत. सायकल घ्यायची आणि एकेक निळी खाडी पाहत फिरायचं.

नुंगार लोक या बेटाला वाजेमप म्हणतात. पाण्यापलीकडे, जिथे आत्मे वसतात ती जागा, असा अर्थ सांगतात. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी समुद्र चढला आणि हा भाग मुख्य भूमीपासून तुटला. ती आठवण त्यांच्या परंपरेने जपली आहे.

ऑगस्ट १८३८ मध्ये पहिले दहा मूळ रहिवासी कैदी इथे आणले गेले. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हजारो पुरुष आणि पोरगे इथे कोंडले गेले, कित्येक जण शेकडो कोस दूरच्या किंबर्ली मुलखातून. त्यांनी दगड फोडला, मिठागरात मीठ काढलं, दीपगृह बांधलं. १८६४ मध्ये त्यांच्यासाठी ‘क्वॉड’ नावाचा तुरुंग उठला. १८८३ च्या तापाच्या साथीत कोठड्यांमधल्या गर्दीने सुमारे साठ जणांचा बळी घेतला. ३७० हून अधिक कैदी याच बेटावर पुरले गेले.

गोऱ्या कैद्यांची नावं, जहाजं, गुन्हे नोंदवह्यांत आहेत. वॉल्शची चित्रं जपली जातात. या ३७० जणांच्या कबरींवर मात्र सहलीला आलेल्यांचे तंबू उभे राहिले, आणि ते २००७ पर्यंत उभे राहत होते. ‘क्वॉड’च्या कोठड्यांच्या हॉटेलखोल्या झाल्या, त्यांत २०१८ पर्यंत पाहुणे मुक्कामाला होते. एकाच साम्राज्याचे कैदी, एकाच बंदरातले तुरुंग, आणि आठवणीच्या वाटणीत एवढा फरक. माझ्या मते फ्रीमँटलमध्ये पाहण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हेच.

शहर बदलतंय, ही समाधानाची गोष्ट. २०१७ मध्ये नगरपालिकेने मूळ रहिवाशांच्या भावना लक्षात घेऊन २६ जानेवारीच्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दिनाची आतषबाजी बंद केली आणि दोन दिवसांनी सगळ्यांना सामावणारा वेगळा सोहळा केला. बेटावर दफनभूमी आता जाणीवपूर्वक राखली जाते. एस्प्लनेड बागेतल्या दुसऱ्या पाटीचंच हे पुढचं पाऊल.

वाजेमपला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना एक विनंती आहे. पाण्याकाठी येणाऱ्याने मूठभर वाळू घेऊन पाण्यात सोडावी आणि इथल्या पूर्वजांना आपण आल्याचं सांगावं, अशी नुंगार लोकांची रीत आहे. तेवढं करा. मग धक्क्यापासून जवळच असलेल्या दफनभूमीपाशी जाऊन दोन मिनिटं उभे राहा. सायकल आणि क्वोका त्यानंतर.