मेम्फिसचं कॅसेटवरचं भय

गाडी पळवणाऱ्या किंवा जिममध्ये वजन उचलणाऱ्या पोरांची रील्स पाहिलीत, तर मागे बऱ्याचदा एकच चाल ठणठणत असते. चिरकी घंटा, फाटल्यासारखा बास आणि खाली दबलेला कुणाचा तरी आवाज. या संगीताला फोंक म्हणतात. नागपूरच्या पोराला ते पाठ आहे, मॉस्कोच्याही. पण तो दबलेला आवाज पुष्कळदा मेम्फिसच्या माणसांचा असतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या या शहरात 1990च्या दशकात काही मुलांनी घरच्या घरी, पदरचे पैसे घालून भयरॅपच्या कॅसेटी काढल्या. त्यांचा आवाज जगभर गेला, नावं मात्र मागेच राहिली. मला ही गोष्ट फार खुपते.

भयरॅप, म्हणजे हॉररकोर, एकट्या मेम्फिसचं नव्हे. ह्यूस्टनच्या गेटो बॉइजने 1991मध्ये ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ काढलं. त्यात स्वतःच्याच मनाला घाबरलेला माणूस बोलतो. डेट्रॉइटमध्ये एशॅम हा मुलगा सोळाच्या आसपास असतानाच स्वतःच्या घरच्या कंपनीतून नरकाच्या गोष्टी सांगत होता. न्यूयॉर्कच्या ग्रेव्हडिगाझचा पहिला अल्बम 1994चा. पण या सगळ्यांत मला सर्वांत खरी भीती मेम्फिसच्या कॅसेटींतच ऐकू येते.

या शहराला संगीताचा मोठा वारसा होता. सॅम फिलिप्सचा सन स्टुडिओ इथलाच आणि स्टॅक्स रेकॉर्ड्स ही कंपनीही इथलीच. गेटो बॉइजच्या त्या गाण्यातली गिटारसुद्धा मूळची गायक आयझॅक हेजच्या गाण्यातली, म्हणजे मेम्फिसचीच. पण 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तीही याच शहरात. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते आले होते. स्टॅक्सचं 1975च्या अखेरीस दिवाळं निघालं. पुढच्या दशकात वस्त्यांमध्ये क्रॅक कोकेन आलं, बंदुका आल्या. 1990च्या सुमारास वयात येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला शहराचं वैभव ऐकीव आलं आणि गोळीबार डोळ्यांदेखत.

मोठ्या कंपन्या न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला होत्या, मेम्फिसकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डीजे स्पॅनिश फ्लायने 1980च्या दशकाच्या शेवटी क्लबात वाजवता वाजवता स्वतःची गाणी कॅसेटवर भरून विकायला सुरुवात केली. मागून डीजे स्क्वीकी, डीजे झर्क, डीजे पॉल, ज्युसी जे असे कितीतरी आले. कॅसेटी शाळेत, गाडीच्या डिकीतून आणि गाड्यांना स्पीकर बसवून देणाऱ्या दुकानांत खपायच्या. गाणं ऐकलं जायचं ते मुख्यतः गाडीतच, म्हणून बास एवढा जाड.

साधनं थोडकी होती. रोलँड कंपनीचं टीआर-808 हे तालयंत्र 1980 ते 1983 एवढाच काळ बनलं. खऱ्या ढोलासारखं वाजत नाही म्हणून अनेकांनी ते नाकारलं, आणि त्यामुळेच ते जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागलं. त्यातली काउबेल, म्हणजे गुरांच्या गळ्यातल्या घंटेची नक्कल, प्रत्यक्षात दोन विद्युत स्वर एकत्र करून काढलेली आहे. इतरांनी तिचा तालापुरता वापर केला. मेम्फिसकरांनी तिच्यावर चाली बांधल्या. जोडीला भयपटांचं संगीत होतं. जॉन कार्पेंटरने ‘हॅलोविन’ या 1978च्या चित्रपटासाठी स्वतः रचलेली पियानोची धून पाच मात्रांची आहे. चारच्या सवयीचा कान तिथे प्रत्येक आवर्तनाला अडखळतो. मेम्फिसच्या निर्मात्यांनी असे अस्वस्थ तुकडे उचलले, संथ केले आणि पुन्हा पुन्हा फिरवले.

कॅसेटची खरखर मात्र कुणी ठरवून आणलेली नव्हती. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, अशी नक्कल होत गेली की दर पिढीला फीत खरखर वाढवते आणि वरचे सूर खाते. ऐकणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत आवाज विहिरीतून आल्यासारखा झालेला असे. आज संगणकावर खास प्रयत्न करून ही खरखर गाण्यात घालतात.

डीजे पॉल, ज्युसी जे आणि पॉलचा सावत्र भाऊ लॉर्ड इन्फेमस यांनी थ्री सिक्स माफिया हा गट उभा केला. त्यांचा ‘मिस्टिक स्टाइल्झ’ हा अल्बम 1995मध्ये आला, तोही त्यांच्याच छोट्या कंपनीतून. वितरण केलं सिलेक्ट-ओ-हिट्सने. ही मेम्फिसची कंपनी सॅम फिलिप्सच्या भावाने सुरू केलेली. लॉर्ड इन्फेमस एका ठोक्यात तीन-तीन अक्षरं बसवत असे, जवळजवळ मंत्र पुटपुटल्यासारखी. हीच लय वीसेक वर्षांनी अमेरिकन रॅपमध्ये सर्रास झाली. तो 2013मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला.

या गाण्यांत खून आहेत, सैतान आहे आणि बायकांबद्दल घाणेरडं बोलणंही आहे. ते मी झाकणार नाही. पण सैतानाच्या गाण्यांना घाबरणाऱ्या समाजाने काय केलं तेही पाहायला हवं. नदीपलीकडच्या वेस्ट मेम्फिसमध्ये मे 1993मध्ये तीन लहान मुलांचे खून झाले. तीन किशोरांना दोषी ठरवताना त्यांचे काळे कपडे, हेवी मेटलची आवड आणि भयकथांची पुस्तकं कोर्टात मांडली गेली. एकाला मृत्युदंडाची शिक्षा झाली. तिघे सुटले ते थेट 2011मध्ये. गाण्यातल्या भुतापेक्षा भुताच्या अफवेने जास्त आयुष्यं खाल्ली, असं मला हे वाचताना वाटत राहतं.

बायकांनी या पुरुषी गोंगाटात स्वतःची जागा स्वतः केली. गँगस्टा बू ‘मिस्टिक स्टाइल्झ’वर गायली तेव्हा शाळकरी वयाची होती, आणि तिची कडवी पुरुषांच्या तोडीस तोड आहेत. 1998मध्ये तिचा स्वतःचा अल्बम आला. 1 जानेवारी 2023 रोजी, 43व्या वर्षी ती वारली. टॉमी राइट थर्डच्या कॅसेटींवर गाजलेली प्रिन्सेस लोको 2020मध्येच गेली होती. राइटची स्ट्रीट स्मार्ट रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी होती. त्याची गाणी पुढे स्केटबोर्डिंग करणाऱ्या पोरांनी उचलून धरली, आणि त्याला नव्याने मैफली मिळू लागल्या. असं भाग्य फार थोड्यांना लाभलं.

थ्री सिक्स माफियाला 2006मध्ये ‘हसल अँड फ्लो’ या मेम्फिसमध्येच घडणाऱ्या चित्रपटातल्या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं. ऑस्कर जिंकणारा तो पहिला हिप-हॉप गट. बाकीच्यांच्या कॅसेटी माळ्यांवर धूळ खात राहिल्या, मग संग्राहकांनी त्या इंटरनेटवर चढवल्या. फ्लोरिडाच्या स्पेसघोस्टपर्पने 2010 नंतर त्या ढंगाची नवी गाणी रचली, फोंक हे नाव रुळवलं. पुढे रशियातल्या निर्मात्यांनी वेग वाढवला, काउबेल कर्कश केली, आणि त्यातून आजचं रीलवरचं ड्रिफ्ट फोंक तयार झालं. मूळ कडवं कुणाचं, हे तिथे क्वचितच लिहिलेलं असतं. पैसे पोचणं तर दूरच.

ऐकायची इच्छा झाली तर आधी ‘मिस्टिक स्टाइल्झ’ घ्या, मग लिल नॉइडचा 1995चा ‘पॅरानॉइड फंक’, आणि त्यानंतर टॉमी राइटचा ‘ऑन द रन’. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं; शक्य झालं तर रात्री गाडीत लावा. आणि तुमच्या घरातल्या पोराच्या रीलमध्ये तो दबलेला आवाज पुन्हा आला, तर तो कुणाचा आहे हे त्यालाच शोधून काढायला सांगा.