पेन्सिलीवरच्या दातखुणा

शाळेतून परतलेल्या मुलाच्या शर्टाची कॉलर ओली असते आणि तिचे टोक विरलेले. कंपासपेटीतील एकही पेन्सिल धड नाही, खोडरबराचे कोपरे गायब आहेत, पाण्याच्या बाटलीची नळी चेपून सपाट झाली आहे. "पुन्हा कॉलर चावलीस?" हा आईचा प्रश्न ठरलेला. शाळेच्या दैनंदिनीत बाईंचा शेरा येतो, आजी बोटांना कडुनिंबाचा रस लावण्याचा उपाय सुचवते, वडील दोन दिवस लक्ष ठेवतात. तिसऱ्या दिवशी कॉलर कोरडी राहते खरी. पण स्वेटरच्या बाहीचे टोक ओले असते.

हा प्रकार केवळ मुलांपुरता नाही. ताळा जुळत नसला की पेनाचे टोपण नकळत दाढांखाली जाते. ओढणीचे टोक, चष्म्याची काडी, गळ्यातील साखळी, चहाच्या कागदी पेल्याची कड यांपैकी काही ना काही चघळणारी माणसे प्रत्येक कार्यालयात आढळतात. बँकेच्या काउंटरवर दोरीने बांधून ठेवलेल्या पेनाला बहुधा टोपण नसते; ते एका दृष्टीने बरेच म्हणावयाचे. मोठ्या माणसाला कोणी रागावत नाही, एवढाच काय तो फरक. मुलाच्या वाट्याला मात्र 'घाणेरडी सवय' हे विशेषण येते आणि पुष्कळदा ते वर्षानुवर्षे चिकटून राहते.

वास्तविक माणसाची जगाशी पहिली ओळख तोंडानेच होते. चार-पाच महिन्यांचे बाळ हाती येईल ती वस्तू तोंडात घालते. ती मऊ की कठीण, गुळगुळीत की खरखरीत, हे त्याला जीभ आणि हिरड्या सांगतात. हिरड्या शिवशिवू लागल्या की त्याच्या हाती खारीक देण्याची जुनी रीत याच जाणिवेतून आलेली असावी. दातांच्या मुळांभोवतीच्या आवरणात दाबाची अतिशय सूक्ष्म जाणीव असते. भातातला जो बारीक खडा निवडताना डोळ्यांना दिसला नाही, तो दाढेखाली येताच कळतो, तो याच जाणिवेमुळे. शिवाय जबडा मिटणारे गालांतील स्नायू हे शरीराच्या बळकट स्नायूंपैकी आहेत. त्यांवर ताण आला की आपले शरीर कोठे आणि कोणत्या स्थितीत आहे याची ठळक खबर मेंदूकडे जाते. एका लयीत चावत राहिल्याने पुष्कळांना स्वस्थ वाटते, काहींना लक्ष एकवटता येते. वर्गातील गोंगाट, परीक्षेची धास्ती किंवा नुसता कंटाळा यांवर शरीराने स्वतःच शोधलेला हा उतारा होय.

याच विचाराला अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी शास्त्रीय मांडणी दिली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. डोळे, कान, त्वचा, स्नायू, सांधे आणि तोल यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची जुळणी मेंदूला सतत करावी लागते. काही मुलांत ती जुळणी सहज होत नाही आणि मग एखादी संवेदना त्यांना असह्य होते, तर एखादी कितीही मिळाली तरी अपुरी वाटते, असा त्यांच्या सिद्धान्ताचा आशय आहे. कॉलर चावणारे मूल बहुधा या दुसऱ्या प्रकारातले असते. ते हट्ट करत नसते. जबड्याला हवा असलेला दाब ते मिळेल तेथून मिळवत असते.

व्यवसायोपचाराचे आपल्या देशातील शिक्षण मुंबईत सुरू झाले, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नसते. मूळच्या अमेरिकन आणि विवाहानंतर भारतालाच आपला देश मानणाऱ्या कमला निंबकर यांनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा काढली. 'व्यवसाय' या शब्दाने अनेकांची गल्लत होते. येथे तो धंदा या अर्थी नाही. जेवणे, लिहिणे, अंघोळ, खेळ अशी रोजची कामे माणसाला नीट करता यावीत म्हणून दिलेले साहाय्य, असा त्याचा अर्थ आहे. वर्गात बसून चाळीस मिनिटे ऐकणे हेसुद्धा मुलाचे एक कामच आहे.

या उपचारपद्धतीबद्दल थोडा संयम मात्र हवा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली दिलेल्या निवेदनात अशा उपचारांच्या परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित असल्याचे म्हटले होते. तेव्हा महागडी उपकरणे किंवा शंभर टक्के खात्रीची भाषा समोर आली की पालकांनी सावध व्हावे. त्याचप्रमाणे चावणारे प्रत्येक मूल स्वमग्न असते, असेही मुळीच नाही. संवेदनांना मिळणारा अतिरेकी किंवा अत्यल्प प्रतिसाद हे स्वमग्नतेच्या निदानातील एक लक्षण म्हणून २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत समाविष्ट आहे. परंतु एकट्या त्या लक्षणावरून निदान होत नाही. बोलणे, खेळ, इतरांशी मिसळणे यांतही काही वेगळेपण जाणवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

आणखी एक भेद घरच्यांनी प्रथमच करावयास हवा. वस्तू चावली जाते, की गिळली जाते? पाटीवरची पेन्सिल कुरतडून खाणाऱ्या मुली, भाजकी माती मागणाऱ्या गर्भवती, बर्फाचे खडे कडाकडा फोडणारी माणसे आपल्याकडे पूर्वापार आहेत, आणि या गोष्टींकडे कौतुकाने किंवा डोहाळे म्हणून पाहिले जाते. अखाद्य वस्तू खाण्याची ही ओढ वेगळी. तिच्यामागे, आणि विशेषतः बर्फ चावण्यामागे, अनेकदा रक्तातील लोहाची कमतरता असते. रक्ततपासणी करून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की ही ओढ पुष्कळदा आपोआप ओसरते. केस चघळून गिळणाऱ्या मुलीच्या पोटात केसांचा गोळा साचू शकतो आणि तो काढण्यास शस्त्रक्रियेची वेळ येते. रिमोट किंवा खेळण्यातील बटणाच्या आकाराचा सेल तर तोंडाजवळही जाता कामा नये. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

पेन्सिलीविषयी मात्र एक भीती अकारण आहे. मराठीत तिला शिसपेन्सिल म्हणतात, पण तिच्यात शिसे नसते. असते ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाच्याच कुळातील पदार्थ. धोका असलाच तर तो रंगाचा. जुन्या खेळण्यांच्या, खिडक्यांच्या आणि पाळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ साली झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वी रंगवलेल्या वस्तू बाळाच्या तोंडी लागू न देणे श्रेयस्कर. पेनाच्या टोपणाला वर जे छिद्र दिसते तेही शोभेसाठी नाही. टोपण चुकून घशात गेलेच, तर श्वासाला वाट राहावी म्हणून ते ठेवलेले असते. छिद्र नसलेली टोपणे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. दातांचे म्हणाल तर त्यांवरचे कठीण आवरण एकदा झिजले किंवा टवका उडाला की शरीर ते पुन्हा तयार करीत नाही. वर्षानुवर्षे एकाच बाजूने पेन चावणाऱ्यांच्या समोरच्या दातांना पडलेली खाच दंतवैद्य आरशात दाखवतात, तेव्हा बहुतेकांना प्रथमच तिची जाणीव होते.

मग करावयाचे काय? बोटांना कडू रस लावल्याने गरज नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. बाहीचे टोक हेच सांगत असते. त्यापेक्षा आठवडाभर एक छोटी नोंद ठेवावी. मूल केव्हा चावते? गणिताच्या गृहपाठाला, रिक्षातून जाताना, दूरदर्शनसमोर, की जेवणाआधी? कित्येकदा या नोंदीतूनच अर्धे उत्तर मिळते. जेवणाआधीचे चावणे कदाचित नुसती भूक असते. गणिताच्या वेळचे चावणे गणिताविषयी काही सांगत असते, आणि तेथे कॉलरीपेक्षा गणिताकडे लक्ष देणे अधिक उपयोगी.

ज्या वेळा कळतील त्यांच्या आधी जबड्याला काम द्यावे. आपल्या स्वयंपाकघराइतके साहित्य क्वचितच कोठे असेल: गाजर, काकडी, कडक भाकरीचा पापुद्रा, खाकरा, सुके खोबरे, खारीक, फुटाणे, हंगामात उसाचे करवे. डब्यात मऊ पोळीभाजीबरोबर असे काही दातांना लागणारे असले की दुपारच्या तासाला कॉलर वाचते, असा अनेक घरांचा अनुभव आहे. चार-पाच वर्षांखालील मुलांना मात्र फुटाणे, शेंगदाणे, खोबऱ्याचे किंवा कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. घट्ट ताक किंवा मिल्कशेक नळीने ओढून पिणे, पिपाणी किंवा बासरी वाजवणे यांतही ओठ, गाल आणि जबडा यांना चांगले काम मिळते. हा दाब केवळ तोंडालाच हवा असतो असेही नाही. कणीक मळणे, भरलेली बादली उचलणे, दप्तर स्वतः वाहणे, सूर्यनमस्कार, मल्लखांब यांनी मोठ्या स्नायूंना ताण मिळाला की तोंडाची मागणी अनेक मुलांत उतरते. ज्या घरांत कष्टाची कामे यंत्रांकडे गेली आणि संध्याकाळचे खेळ पडद्यावर आले, तेथे शरीर अशी मागणी दुसऱ्या वाटेने करू लागले तर नवल नाही.

चावण्यासाठीच बनवलेली सिलिकोनची पदके आणि पेन्सिलीवर बसणारी टोपणे आता बाजारात मिळतात. ती उपयोगी पडतात, पण डोळे मिटून घ्यावीत अशी नव्हेत. गळ्यातील माळेमुळे गळफास बसणे आणि मणी सुटून घशात अडकणे या धोक्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला होता. म्हणून ओढ बसताच सुटणारी कडी, एकसंध तुकडा आणि रोजची धुलाई या तीन गोष्टी पाहाव्यात. झोपताना ते गळ्यात ठेवू नये. शाळेत असे पदक नेण्यापूर्वी बाईंशी बोलून घ्यावे, म्हणजे मुलाला वर्गात स्वतःच खुलासा करीत बसावे लागणार नाही.

प्रौढांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना सवय मोडण्याची एक तपासून पाहिलेली पद्धत उपलब्ध आहे. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी ती १९७३ साली मांडली. हात तोंडाकडे केव्हा वळतो हे आधी स्वतः टिपावयाचे, आणि तो वळू लागताच त्याच वेळी शक्य नसलेली दुसरी कृती मिनिटभर करावयाची. मूठ घट्ट आवळणे, दोन्ही तळवे टेबलावर दाबणे, ओठ मिटून दात किंचित विलग ठेवणे ही त्याची सोपी उदाहरणे. काउंटरवर ग्राहक समोर असतानाही हे कोणाच्या लक्षात न येता करता येते.

साखरविरहित च्युइंग गम हा दुसरा मार्ग. डिंक चघळण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या, भूर्जवृक्षाच्या राळेच्या चघळलेल्या तुकड्यातून सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा संपूर्ण जनुकीय आराखडा संशोधकांनी २०१९ साली मिळवला. आधुनिक गमचा धागा तर थेट डहाणू-घोलवडच्या वाड्यांशी जुळतो. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या टॉमस अॅडम्स यांनी मेक्सिकोतून आलेल्या ज्या चिकापासून रबर बनवण्याचा खटाटोप केला आणि तो फसल्यावर चघळण्याच्या कांड्या विकावयास काढल्या, तो चीक चिकूच्याच झाडाचा होता. गमने एकाग्रता वाढते का, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पेनाचे टोपण मात्र त्याने निश्चित वाचते. जबडा दुखू लागला तर थांबावे. ज्येष्ठमधाची काडी हाही अनेकांचा आवडता पर्याय. पण ती रोज व पुष्कळ चघळल्यास रक्तदाब वाढू शकतो, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे.

खरी चिंता आहे ती टपरीवर मिळणाऱ्या पर्यायाची. पेनाचे टोपण टाकून दिलेल्या हाताला आपल्या देशात सर्वांत सहज काय सापडत असेल, तर ती सुपारी. कामाच्या ताणात कोणी सहकारी पुडी पुढे करतो, जबड्याला हवे ते काम मिळते, आणि 'तंबाखू तर नाही ना' या समाधानात दिवसाला एक पुडीच्या चार पुड्या होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने गालांच्या आतील कातडी ताठर होत जाते. प्रथम तिखट सोसत नाही, मग जांभई पूर्ण येत नाही, पुढे भाकरीचा घास घेण्याइतकेही तोंड उघडत नाही. आणि हा ताठरपणा बहुधा पूर्ववत होत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी साध्या व सुगंधी सुपारीची गोडी घराघरांत मुखवासाच्या तबकातूनच लागते. मुलांसमोर ते तबक फिरवताना त्यात सुपारीऐवजी बडीशेप, भाजलेली जवस, धणाडाळ किंवा वाळवलेला आवळा ठेवणे काही कठीण नाही.

ज्यांचे चघळणे आधीच सुपारी-तंबाखूपर्यंत पोहोचले आहे, त्यांनी एकट्याने झुंजत बसण्याचे कारण नाही. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तोंड उघडताना ओढ जाणवणे, गालात पांढरा चट्टा दिसणे, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असणे यांपैकी काहीही असल्यास दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जावे. तपासणीस काही मिनिटे पुरतात. तीन बोटे उभी करून ती तोंडात मावतात का, हे तर घरीच आरशासमोर पाहता येते.