जीज बेंडची गोधडी : एकटीची रचना आणि सर्वांची शिलाई

१

गोधडी ही वस्तू महाराष्ट्राला अपरिचित नाही. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने बांधून टाकण्याची कृती येथे घरोघर चालत आलेली आहे. मात्र गोधडी किंवा वाकळ ही बहुधा एका घराची, किंबहुना त्या घरातील एखाद्या वृद्ध स्त्रीची निर्मिती समजली जाते, आणि त्यामुळे तिच्या मागे असलेल्या सामाईक कौशल्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. या दृष्टीने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अलाबामा राज्यातील जीज बेंड व त्याच्या आसपासच्या वस्त्या यांचा इतिहास उद्‌बोधक आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९६६ साली आपल्या गोधडीकामाची सहकारी संस्था स्थापन केली. या कामातील कोणता भाग एकटीचा व कोणता सर्वांचा होता, आणि बाजारपेठेशी संबंध आल्यावर ही वाटणी कशी बदलली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

विल्कॉक्स परगण्यात अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेला जमिनीचा जो भाग आहे, त्यास जीज बेंड म्हणतात. जोसेफ जी नावाच्या मळेवाल्याने १८१६ साली तेथे कापसाची लागवड सुरू केली. १८४५ साली तो मळा गुलामांसह मार्क पेटवे याच्याकडे गेला. गुलामगिरी नष्ट झाल्यावर मुक्त झालेली माणसे त्याच जमिनीवर कुळे म्हणून राहिली. आजही तेथील पुष्कळ कुटुंबांचे आडनाव पेटवे हेच आहे. १९३२ साली, उधारी देणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर, थकलेल्या कर्जापोटी या कुटुंबांची जनावरे, अवजारे व साठवलेले धान्य उचलून नेण्यात आले. ज्या घरांच्या फळ्यांतील फटी वर्तमानपत्रे चिकटवून बुजवाव्या लागत, त्या घरांत गोधडी ही शोभेची वस्तू नव्हती. हिवाळा निभावण्याचे ते साधन होते.

३

तेथील गोधडीचे तीन थर असतात : वरचा तुकड्यांचा जोड, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर. महाराष्ट्रातील गोधडीत जुन्या कापडाचे थरच उबेचे काम करतात. तेथे मात्र मधल्या थरासाठी जिनिंगच्या कारखान्यातील जमिनीवर सांडलेला कापूस गोळा करून आणीत आणि काठीने झोडपून सपाट करीत. यानंतरच्या कामाचे दोन स्पष्ट भाग पडतात.

पहिला भाग तुकडे जोडण्याचा. हा प्रत्येक स्त्री आपल्या घरी, आपल्या मनाप्रमाणे करी. ‘घराचे छप्पर’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी रचना तेथे विशेष प्रिय होती. तीत मध्यभागी एक लहान चौकोन घेऊन त्याच्या भोवती एकामागून एक पट्ट्या जोडीत जातात. वरवर सोपी दिसणारी ही रचना फसवी आहे. मधला चौकोन किंचित तिरका असला, तरी प्रत्येक नव्या पट्टीबरोबर ती तिरीप वाढत जाते. ती सावरण्यासाठी कोठे पट्टी निमुळती कापावी लागते, तर कोठे वेगळ्या रंगाची पाचर घालावी लागते. अशा दुरुस्त्यांतूनच अनेक गोधड्यांना त्यांचे वैशिष्ट्य प्राप्त झाले. कापड म्हणून बहुधा शेतावर वापरलेले जुने कपडे असत. विजारीच्या गुडघ्यावरचा विटलेला भाग आणि खिसा उसवल्यावर त्याखाली उरलेला गडद चौकोन या दोहोंचा रचनेत उपयोग होई. मिझूरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली आपल्या दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, ती त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. गेलेल्या माणसाच्या वस्त्रांची गोधडी जपून ठेवणाऱ्या मराठी घरांना यातील भाव निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा भाग तिन्ही थर एकत्र शिवण्याचा, आणि तो मंडळीचा. चार लाकडी दांड्यांच्या चौकटीवर अस्तर ताणून बसवीत, त्यावर कापूस व जोड पसरीत आणि चौकटीच्या बाजूंना बसून स्त्रिया कडेकडून आत शिवीत येत. शिवून झालेला भाग दांडीवर गुंडाळला, की पुढचा भाग हाताशी येई. एक हात वरून सुई चालवितो आणि दुसरा चौकटीखालून सुईचे टोक चाचपतो. टाका तिन्ही थरांतून आरपार गेला नाही, तर धुण्यात कापूस सरकून त्याच्या गुठळ्या होतात. तेव्हा टाक्यांची समानता ही येथे केवळ सौंदर्याची बाब नसून टिकाऊपणाची आहे. एकीचा टाका सैल आणि शेजारणीचा घट्ट असेल, तर गोधडी तेथेच आवळते. म्हणून एका चौकटीवर बसणाऱ्या हातांना एकमेकींशी जुळवून घ्यावेच लागते. मुली प्रथम सुया ओवून देत, मग कडेला बसून टाके घालीत. शिकवणीचा वेगळा प्रसंग नसे.

अशा मेळाव्याला इंग्रजीत ‘बी’ म्हणतात. शेजाऱ्यांनी जमून एकाचे काम उरकून द्यायचे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडील शेतकऱ्यांची इर्जिक हीच होय. आणि आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, असा क्रम लागला म्हणजे तिला सावड म्हणणे अधिक योग्य. सारांश, रचना एकटीची व शिलाई सर्वांची, अशी ही जुनी वाटणी होती.

४

१९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग जीज बेंडला आले होते. मतदार म्हणून नाव नोंदविण्याचा प्रयत्न करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना त्या काळी जमिनीवरून व घरांतून काढून टाकण्यात येत होते. नदीपार परगण्याच्या मुख्य गावी नेणारी तर १९६२ सालीच बंद पडली होती. ती २००६ साली पुन्हा सुरू झाली. १९६५ च्या अखेरीस फ्रान्सिस वॉल्टर हे धर्मोपदेशक या भागात फिरत असता एका दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्यांनी त्यांचे लक्ष वेधले. काही गोधड्या विकत घेऊन त्यांनी न्यूयॉर्क येथे त्यांचा लिलाव करविला, आणि मार्च १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही संस्था उभी राहिली. जवळच्या रिहोबोथ वस्तीतील एस्टेल विदरस्पून यांनी तिचा कारभार दीर्घकाळ पाहिला. संस्थेने जमीन विकत घेऊन १९६९ साली शिवणकेंद्राची इमारत बांधली, आणि त्या जमिनीतील काही भाग घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना विकत दिला. गोधडीच्या पैशातून स्वतःच्या मालकीची जमीन निर्माण होणे, ही त्या परगण्यातील कुळांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

५

परंतु मोठ्या दुकानांच्या मागणीबरोबर त्यांच्या अटीही आल्या. गिऱ्हाइकाने नमुना पाहून मागविलेली गोधडी नमुन्याबरहुकूम असावी लागते. मापे व रंगसंगती ठरलेली, ‘अस्वलाचा पंजा’ यांसारख्या मोजक्या रचना निवडलेल्या, आणि शिलाई तपासून घेतलेली. ज्या स्त्रिया पट्टी जोडता जोडता रचना बदलीत, त्यांना एकच रचना पुनःपुन्हा करावी लागली. पूर्वी सर्वांची असलेली शिलाई सर्वांचीच राहिली. पण पूर्वी एकटीची असलेली रचना मात्र आता तिची राहिली नाही. या बदलाचा केवळ खेद करणे एकांगी ठरेल. नियमित मजुरी हातात येणे हा त्या कुटुंबांना मिळालेला खरा लाभ होता, आणि सर्वमान्य मापाशिवाय तो मिळणे शक्य नव्हते.

पुढे जे घडले ते अधिक लक्षणीय आहे. १९७२ पासून संस्थेने सीअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीसाठी कॉर्डुरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्यास सुरुवात केली. कॉर्डुरॉय हे उभ्या रेघांचे, जाड लव असलेले सुती कापड होय. अभ्र्याच्या शिवणकामात कल्पनेला वाव नव्हता. परंतु कापून उरलेले तुकडे स्त्रिया घरी नेत. हे कापड जाड असल्याने त्याचे बारीक तुकडे जोडणे अवघड. त्यामुळे रुंद पट्ट्या व मोठे चौकोन यांची नवी रचना रूढ झाली. त्या काळच्या फॅशनचे सोनेरी, नारिंगी, तांबडे व हिरवे रंग तीत आले, आणि लवेच्या दिशेप्रमाणे एकच रंग कोठे उजळ तर कोठे गडद दिसू लागला. दिवसा नमुन्याबरहुकूम शिवणाऱ्या हातांनीच घरी मनाप्रमाणे रचलेल्या या गोधड्या आज संग्रहालयांत मान्यता पावल्या आहेत.

६

२००२ साली ह्यूस्टन येथील व नंतर न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची चित्रे असलेली १० तिकिटे काढली. प्रदर्शनात मांडल्या गेलेल्या गोधड्या प्रामुख्याने घरच्या वापरासाठी केलेल्या होत्या, नमुन्यावरून विक्रीसाठी केलेल्या नव्हत्या. दरम्यान जुनी सहकारी संस्था क्षीण होत गेली आणि २०१२ साली तिचे काम थांबले.

यावरून संस्था अयशस्वी झाली असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तिने मजुरी दिली, जमीन दिली आणि चौकटीभोवती बसणाऱ्या हातांना आणखी काही दशके एकत्र ठेवले. गोधडीकामाचे कौशल्य लिखित स्वरूपात नसते. शेजारणीच्या टाक्याशी आपला टाका जुळविण्यात ते असते, आणि मंडळी मोडली की नाहीसे होते. मात्र जोड घरी रचण्याचे स्वातंत्र्य जेथे उरले, तेथेच या सामाईक कौशल्याला नवे रूप लाभले. महाराष्ट्रात आज गोधडीसाठी जी स्त्रीमंडळे व बचत गट काम करीत आहेत, त्यांना माप व मजुरी यांच्या हिशेबाबरोबर हा हिशेबही करावा लागेल.