गुलालाचा ढग आणि एचडीआरची परीक्षा

एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) व्हिडिओत लख्ख उजेड आणि गडद सावली एकाच चौकटीत तपशिलासह टिकते. साधा व्हिडिओ सुमारे 100 निट (उजेडाचे एकक) इतका उजेड गृहीत धरतो. 2014 मध्ये प्रमाणित झालेली ‘पीक्यू’ पद्धत 10,000 निटपर्यंत जाते आणि सहसा 10 बिट, म्हणजे 1024 पायऱ्या वापरते.

खरी गोम कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्यात आहे. कोडोलीजवळच्या जोतिबा डोंगरावर चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळला जातो. याचे चित्रण म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या एन्कोडरची सत्त्वपरीक्षाच. उन्हात उडणारा गुलाल क्षणोक्षणी आकार बदलतो, त्यामुळे मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधता येत नाही. बिटरेट तोकडा पडला की कण जातात, चौकोनी डाग उरतात. निरभ्र आकाशात मात्र उलटा त्रास: सलग छटेऐवजी पट्टे दिसतात. सावलीतले चेहरे सपाट होतात ते वेगळेच.

अशा दाबलेल्या व्हिडिओचा दर्जा ठरवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे माणसाचे डोळे. ठरावीक उजेडाच्या खोलीत प्रेक्षक गुण देतात आणि त्यांची सरासरी काढतात. हे काम खर्चिक, म्हणून दर्जा मोजणारी सूत्रे आली. ‘पीएसएनआर’ फक्त पिक्सेलमधला फरक मोजते. तो नजरेला खुपतो का, याच्याशी तिला देणेघेणे नाही. नेटफ्लिक्सने 2016 मध्ये खुले केलेले ‘व्हीमॅफ’ बरेच शहाणे, पण घडले साध्या व्हिडिओवर. एचडीआरसाठी ‘पीयू21’ आधी उजेडाचे आकडे डोळ्याच्या संवेदनेच्या मापात बदलते, मग जुनी सूत्रे लावता येतात. ‘एचडीआर-व्हीडीपी’ तर दृष्टीचेच गणिती प्रतिरूप वापरते. तरी पाहण्याच्या जागेनेही फरक पडतो: भर उन्हात मोबाइलवर पाहणाऱ्याला चित्रातल्या सावलीतले दोष दिसतच नाहीत. अंधाऱ्या खोलीतल्या टीव्हीवर तेच डोळ्यांत भरतात.